दर कास्टला ल्यूरवर शेवाळ येतंय? मुंबईच्या कातळावर आधी हे तपासा

दिवाळीचे कंदील उतरले की मला ल्यूर, म्हणजे नकली आमिष, फेकून (कास्ट मारून) गरवायला जाणाऱ्या मित्रांचे एकाच धर्तीचे मेसेज यायला लागतात. "काल वांद्र्याला गेलो होतो. दोन तासांत तीस-चाळीस कास्ट मारले आणि दर वेळी ल्यूर हिरवागार होऊन आला. मासा राहिला बाजूला, नुसतं शेवाळ सोलत बसलो. दुसरा कुठला ल्यूर घेऊ?"

सध्या कुठलाच घेऊ नका. पुढच्या वेळी ल्यूर बाहेर आला की शेवाळ झटकून टाकण्याआधी त्याचा जवळून फोटो काढा. शेवाळ कुठल्या जातीचं आहे आणि ल्यूरच्या कुठल्या भागावर बसलंय, हे दोन्ही दिसलं पाहिजे. "शेवाळ अडकतंय" या एका तक्रारीच्या पोटात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर त्रास वाढतो.

मला हे कळायला दोन हिवाळे गेले. दर वेळी दुकानात जायचो, "हा शेवाळात अडकत नाही" असं ऐकून नवा ल्यूर घ्यायचो आणि पुढच्या रविवारी तोही हिरवा होऊन यायचा. तिसऱ्या हिवाळ्यात कार्टर रोडच्या खडकांवर पहाटेच पोचलो होतो. थोड्या अंतरावर एक मावशी कालवं काढत बसल्या होत्या. माझा ल्यूर चौथ्यांदा झुपका घेऊन आला तेव्हा त्यांनी हात पुढे केला, तो झुपका घेतला आणि अंगठ्याने पानं बाजूला सारली. खाली वाटाण्यापेक्षा लहान, चिवट असा बुडखा होता आणि त्याला खडकाचा काळा कण चिकटलेला होता. "पोरा, हे तू उपटून आणलंयस. वाहत आलेलं नाही हे. तुझं लोखंड तळाला घासतंय. पाणी भरू दे, मग टाक."

मी थांबलो. सव्वा तासाने तोच ल्यूर त्याच जागी टाकला आणि तो स्वच्छ परत आला. त्या दिवसापासून मी आधी शेवाळ बघतो.

बुडखा आहे की नाही

अडकलेला झुपका तळहातावर घ्या. पानं ताजी, टवटवीत आहेत, खाली बुडखा आहे किंवा पान मुळापासून फाटल्याची ताजी कड दिसतेय, असं असेल तर ल्यूर तळाच्या शेवाळात शिरतोय. याला मी तळाचं दुखणं म्हणतो.

पानं मऊ पडलीत, रंग उतरलाय, तुकडे आखूड आहेत, बुडखा कुठेच नाही, सोबत एखादी प्लॅस्टिकची चिंधी किंवा तिवराचं पान आहे, तर ते शेवाळ आधीच सुटलेलं होतं आणि पाण्यात तरंगत होतं. हे वरचं दुखणं.

दुसरी खूण जागेची. शेवाळ पोटाच्या किंवा शेपटीच्या गळावर बसलं असेल तर बहुतेक तळाचं. लीडरच्या (ल्यूरला बांधलेल्या शेवटच्या दोरीच्या) गाठीवर, स्नॅपवर (ल्यूर अडकवायच्या क्लिपवर) किंवा ल्यूरच्या नाकावर गोळा झालं असेल तर बहुतेक वरचं, कारण तरंगणारा तुकडा आधी दोरीला लागतो आणि ओढीबरोबर घसरत खाली येतो. फक्त शेपटीच्या गळावर आणि तेही तुम्ही रील थांबवल्यानंतरच येत असेल, तर ल्यूर चालताना ठीक आहे आणि थांबला की बुडतोय.

जातीही ओळखीच्या करून घ्या. मुंबईच्या कातळावर सगळ्यात जास्त दिसतं ते उल्व्हा. कोथिंबिरीच्या हिरव्या रंगाचं, ओल्या पतंगी कागदासारखं पातळ पान, बोटात धरलं की निसटतं. ते पटकन फाटतं, म्हणून एका झटक्याने सुटतंही. त्याच्याच जवळचं केसांसारखं बारीक तंतूंचं शेवाळ सगळ्यात वाईट. ते गळाच्या टोकाजवळच्या उलट्या काट्यामागे गुंडाळतं आणि हाताने सोलल्याशिवाय निघत नाही. तिसरं सरगॅसम, तपकिरी, फांद्यांचं. कोकणात रत्नागिरी-मालवणकडे ते जास्त भेटतं, इकडे कमी. त्याच्या फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात, त्यामुळे ते तुटलं की बुडत नाही, वर तरंगत फिरतं. असे दाणे दिसले की समजा, तरंगणाऱ्या कचऱ्याचा पट्टा जवळ आहे.

अनेक जण याला सरसकट "समुद्री गवत" म्हणतात. खरं सागरी गवत वेगळं. त्याला जमिनीत रुजणारी मुळं असतात, त्याला फुलं येतात, पानं लांब फितीसारखी असतात. मन्नारचं आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचं आखात, लक्षद्वीप, अंदमान इथे त्याची कुरणं आहेत. आपल्याकडे वांद्रे, वर्सोवा, मढच्या कातळांवर ल्यूरला जे अडकतं ते शेवाळ. गरवण्याचे नियम बरेचसे तेच लागू पडतात, पण एक फरक आहे, त्याकडे शेवटी येतो.

शेवाळ टाळून दुसरीकडेच का जाऊ नये, असंही विचारलं जातं. कारण मासा तिथेच येतो. कोळंबी, खेकड्यांची पिल्लं, बोयची पोरं सगळी त्या हिरवळीत लपतात. पाणी चढलं की तांब, हेकरू आणि नशीब असेल तर जिताडा त्यांच्या मागे कातळावर येतो. हिरवळ नसलेल्या कातळावर मी तासनतास उभा राहिलोय. ल्यूर अगदी स्वच्छ येतो आणि पिशवीही स्वच्छच राहते.

तळाचं दुखणं: आधी पाणी मोजा

दहातल्या सात तक्रारी माझ्या अनुभवात इथे सुटतात आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

तुमच्या जागेचा कातळ किती उंच आहे हे एकदाच शोधून काढायचं. ओहोटीला जा, तुम्ही जिथे ल्यूर टाकता तिथली हिरवळ डोळ्यांनी बघा आणि भरतीचं पाणी त्या हिरवळीच्या बुडाला पहिल्यांदा लागतं ती वेळ लिहून ठेवा. घरी येऊन अपोलो बंदराच्या भरतीच्या तक्त्यात त्या वेळी पाणी किती मीटर होतं ते काढा. तो आकडा म्हणजे तुमच्या कातळाची उंची. समजा तो 2.4 मीटर निघाला. मग ज्या दिवशी पूर्ण भरती 3.9 मीटर आहे, त्या दिवशी कातळावर ऐन भरतीला 1.5 मीटर पाणी असणार. शेवाळ 30-40 सेंटिमीटर उभं राहतं. म्हणजे ल्यूर खेळवायला तुमच्या हातात उरतं जेमतेम 1.1 मीटर आणि तेसुद्धा फक्त ऐन भरतीला. आता तुमच्या मिनोच्या (माशाच्या आकाराच्या कडक ल्यूरच्या) पेटीवर बघा. "खोली 1.2 मीटर" लिहिलं असेल तर तो ल्यूर त्या जागी दिवसभरात एकही मिनिट मोकळा चालणार नाही. त्यात ल्यूरचा काही दोष नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही धरा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास घेतले तर एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, मग तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासात एक. वरच्या उदाहरणात ओहोटी 1.5 मीटर धरली तर चढ 2.4 मीटर, म्हणजे एक भाग 20 सेंटिमीटर. दोन तासांनी पाणी 2.1 मीटर, तीन तासांनी 2.7, चार तासांनी 3.3. कातळ अडीच तासांनी ओला होतो आणि हिरवळीच्या वर कामाचं पाणी यायला साडेचार तास लागतात. बहुतेक जण पाणी कातळावर चढताना बघतात, उत्साहाने लगेच कास्ट मारतात आणि पुढचे दोन तास बागकाम करतात. भरतीचा शेवटचा दीड तास आणि ओहोटीचा पहिला तास, एवढाच वेळ त्या जागेचा आहे असं समजा.

तिथीचा हिशेब आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नक्की वेळ तक्त्यातूनच घ्यायची, पण महिन्याचा बेत भिंतीवरच्या कॅलेंडरवरून उभ्या उभ्या ठरतो. माझ्या आवडीचे दिवस दशमी, एकादशी, द्वादशी. भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजाडताना पाणी कातळावर चढलेलं असतं आणि अष्टमीचा भांग (भरती सगळ्यात कमी चढते ते दिवस) सरून पाणी वाढीला लागलेलं असतं. ऐन भांगाला माझ्या जागेवर पुरेसं पाणीच चढत नाही. उधाणाला पाणी भरपूर, पण त्याचा वेगळा उपद्रव आहे, तो खाली येईलच.

पाणी मोजून झालं, वेळ बरोबर आहे आणि तरी बुडखे येतायत, तर मग हाताकडे बघा. रॉडचं टोक खाली पाण्याकडे धरून ओढता का? ते वर, घड्याळातल्या दहाच्या काट्यासारखं धरलं तर ल्यूर बराच वर चालतो. ल्यूर पाण्यात पडल्यावर रीलचा बेल (दोरी मोकळी सोडणारी तारेची कडी) मिटवायला किती वेळ घेता? जिगहेड (डोक्यावर वजन असलेला गळ) लावला असेल तर तेवढ्यात तो हिरवळीत जाऊन बसतो. ल्यूर पाण्याला टेकायच्या आत बोटाने दोरी धरा, बेल हाताने मिटवा आणि पडल्याबरोबर दोन वळसे मारा. एवढ्या सवयीने माझ्या एका भाच्याचा सगळा त्रास गेला.

आता गळ आणि बांधणी

इथे थोडं रेंगाळतो, कारण चुका बारीक असतात.

ट्रेबल हुक म्हणजे तीन तोंडांचा कंगवा. मिनो वापरायचाच असेल तर पोटाचा ट्रेबल काढून टाका आणि शेपटीला एकेरी गळ लावा, टोक वरच्या बाजूला येईल असा. पोटाचा गळ काढल्यावर काही ल्यूर एका अंगावर कलंडतात, कारण त्या गळाचं वजनच त्यांना सरळ ठेवत असतं. म्हणून कास्टच्या आधी पायाजवळच्या पाण्यात दोन हात ओढून बघा. कलंडत असेल तर गळाच्या जागी दोन-तीन जाड स्प्लिट रिंग अडकवा, वजन भरून निघतं. ट्रेबल बदलायचा नसेल तर त्याचं पुढच्या दिशेला येणारं एक टोक पक्कडने तोडून टाका. शेवाळ आधी तेच पकडत असतं.

माझा भर मात्र सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची मासोळी, आणि ऑफसेट हुकवर आहे, म्हणजे ज्यात गळाचं टोक मासोळीच्या अंगात लपतं. हे योग्य बांधलं तर दाट हिरवळीवरूनही मोकळं निघतं. वाईट बांधलं तर ट्रेबलपेक्षा जास्त शेवाळ आणतं आणि लोक म्हणतात, वीडलेस (शेवाळात न अडकणारी बांधणी) काही कामाचं नाही. टोक नाकातून साधारण अर्धा सेंटिमीटर आत घालून हनुवटीखालून बाहेर काढायचं, गळ फिरवून त्याची डोळ्याजवळची छोटी बाक नाकात बसवायची, एवढं सगळ्यांना जमतं. चूक पुढच्या पायरीला होते. टोक पोटात कुठे शिरवायचं ते अंदाजाने ठरवतात. अंदाज दोन-तीन मिलिमीटर मागे गेला तर मासोळी ताणली जाते, पुढे आला तर पाठीत कुबड येतं. कुबड आलेली मासोळी पाण्यात गिरकी घेते, गिरकीबरोबर दोरीला पीळ बसतो आणि फिरणारी शेपटी आजूबाजूचं शेवाळ सुताच्या चातीसारखं स्वतःभोवती गुंडाळते. म्हणून टोक टोचण्याआधी गळ मासोळीच्या बाजूला सरळ लोंबता धरा, गळाची खालची मोठी बाक जिथे येते तिथे नखाने खूण करा आणि बरोबर त्या खुणेतून टोक वर काढा. मग हातात आडवी धरून बघा, पाठ पट्टीसारखी सरळ हवी. शेवटी टोक पाठीच्या कातडीत केसभर टोचून ठेवा. बोट नाकापासून शेपटीकडे फिरवलं तर कुठेच लागू नये आणि मासोळी दाबली की टोक लगेच बाहेर यावं. मासोळी जाड आणि गळ लहान असेल तर दाबूनही टोक बाहेर येत नाही. मग मासा चावतो आणि सुटतो.

वजन कुठे आहे तेही बघा. नाकावर वजन असेल तर रील थांबवली की मासोळी तोंड खाली करून सरळ हिरवळीत घुसते. पोटावर, गळाच्या दांडीला वजन असेल तर ती आडवीच हळू हळू खाली उतरते. "थांबलो की अडकतं" ही तक्रार बहुतेक वेळा नाकावरच्या वजनाची असते. एक-दीड मीटर पाण्यात मी बिनवजनाचा किंवा पोटावर अगदी हलक्या वजनाचा गळ वापरतो. वारा समोरून आला तर कास्ट आखूड पडतो, ते मान्य करतो.

जिगहेडच लावायचा तर टोकदार नाकाचा, दोरीचा डोळा अगदी नाकाच्या शेंड्यावर असलेला घ्या. गोल डोक्याच्या, वर काटकोनात डोळा असलेल्या जिगहेडवर डोळा आणि डोकं यांच्यामध्ये खाच तयार होते आणि शेवाळ बरोबर त्या खाचेत बसतं.

वरचं दुखणं: इथे औषध उलटं

तळाच्या शेवाळाला पॉपर किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा कुठलाही ल्यूर हा सोपा उपाय आहे, तळाशी संबंधच येत नाही. म्हणून लोक सरसकट सांगतात, "शेवाळ आहे ना, मग टॉपवॉटर लाव." पण शेवाळ वर तरंगतंय तेव्हा टॉपवॉटर बरोबर कचऱ्याच्या थरातूनच ओढला जातो आणि दर कास्टला भरून येतो. तिथे ल्यूर थोडा खाली, कचरा आणि हिरवळ यांच्या मधल्या पाण्यात चालवावा लागतो. लपवलेल्या गळाची हलकी मासोळी इथेही चालते, फक्त रॉडचं टोक आता खाली धरायचं, दोरी कमीत कमी पाण्यावर राहावी म्हणून.

दोरीवर शेवाळ येत असेल तर गाठ तपासा. ब्रेड (रीलवरची विणलेली दोरी) आणि लीडर जोडणारी गाठ जाड असेल, टोकं कापायची राहिली असतील, तर प्रत्येक तुकडा तिथे थांबतो. मी एफजी गाठ मारतो, ती बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाते. काही अनुभवी गडी मुद्दाम जाड गाठ ठेवतात आणि लीडर लांब घेतात. त्यांचं म्हणणं, शेवाळ गाठीवर अडलं तर ल्यूरपर्यंत पोचत नाही. मी एक हंगाम तसं करून पाहिलं. उल्व्हाचे एक-दोन तुकडे असताना युक्ती चालते, पण तंतूंचं शेवाळ आलं की गाठीवर मुठीएवढा गोळा होतो आणि कड्यात अडकून लीडर तुटायची वेळ येते. मुंबईसाठी बारीक गाठच बरी. स्नॅप आणि स्विव्हलही (फिरती कडी) काढून टाका. ल्यूर सरळ लीडरला सैल फासाच्या गाठीने बांधा.

ओढताना जडपणा जाणवला की रॉडच्या टोकाने एकच कोरडा, तोकडा झटका द्या. पातळ पान ब्रेडवरून फाटून जातं. दोन झटक्यांत सुटलं नाही तर तो कास्ट संपला असं समजून भराभर गुंडाळून घ्या. शेवाळ लागलेला ल्यूर खेळवत राहून मासा लागल्याचं मला तरी आठवत नाही. उलट गिरकीने दोरीला पीळ पडतो आणि पुढच्या कास्टला गुंता होतो.

पण वरच्या दुखण्याचं खरं उत्तर वाऱ्यात आणि तिथीत आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तो मतलई वारा तरंगणारा कचरा काठापासून बाहेर ढकलतो. दुपारकडे खारा वारा सुरू झाला की तोच कचरा परत आपल्या पायाशी येतो. म्हणून एकाच जागी, एवढ्याच पाण्यात, सकाळी स्वच्छ आणि दुपारी भरलेला असा फरक पडतो. "गेल्या रविवारी तर काहीच अडकलं नव्हतं" म्हणणाऱ्याने त्या रविवारची वेळ आठवून बघावी.

उधाणाचा उपद्रव तो हा. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस पाणी नेहमीच्या रेघेच्या वर चढतं आणि आठवडाभर काठावर वाळलेलं शेवाळ, पिशव्या, थर्माकोल सगळं उचलून आत नेतं. त्या दिवसांत मी खाडीच्या तोंडाकडे किंवा आडोशाच्या बाजूला जातो किंवा घरी बसून लीडर बांधतो.

गल्ल्या शोधा

परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात, पोलराइज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) चष्मा लावा आणि गवताच्या मधले वाळूचे ठिपके बघून त्यात ल्यूर टाका. लक्षद्वीपच्या पाण्यात ते जमेल. आपलं पाणी खाड्यांच्या गाळाने गढूळ असतं, भरतीला हातभर खालचंही दिसत नाही. म्हणून इथे नकाशा ओहोटीलाच करून ठेवायचा. भरतीला जिथे उभे राहणार, बरोबर तिथे उभं राहून मोबाइलवर डावीकडून उजवीकडे फोटो काढा. हिरवळीच्या मधून पाणी वाहून जायच्या घळी दिसतील, कुठे वाळूचा पट्टा, कुठे डबकं. प्रत्येक घळीची दिशा किनाऱ्यावरच्या दोन खुणांनी धरून ठेवा. एखादा इमारतीचा कोपरा आणि त्याच्या पुढचा दिव्याचा खांब एका रेषेत आले की मी घळीच्या तोंडासमोर. कोळी बांधव समुद्रातली जागा अशाच दोन खुणांनी लक्षात ठेवत आलेत.

मग भरतीला ल्यूर हिरवळीला आडवा न टाकता घळीच्या लांबीने टाका. शेवाळ कमी लागतं आणि मासा कडेलाच दबा धरून असतो, म्हणजे ल्यूर जास्त वेळ त्याच्या समोर राहतो. पाणी गढूळ असल्यामुळे मी हलणाऱ्या रुंद शेपटीची मासोळी पसंत करतो, मासा ती नजरेने दिसायच्या आधी तिची थरथर ओळखतो. चावा जाणवला की लगेच झटका देऊ नका. दोरी ताणेपर्यंत रील फिरवा आणि मग रॉड उचला, म्हणजे लपलेलं टोक बाहेर यायला वेळ मिळतो.

जिवाची आणि जागेची काळजी

बारा भागांचा हिशेब तुमच्या परतीच्या वाटेलाही लागतो. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने चढतं आणि तुमच्या मागची घळ तुमच्या पायाखालच्या खडकाच्या आधी भरते. मासा लागतोय म्हणून आणखी दहा मिनिटं थांबू नका. ओल्या उल्व्हावर चप्पल टिकत नाही, जाड तळव्याचे पकड असलेले बूट घाला. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पावसाळ्यात, महापालिका मोठ्या भरतीचे इशारे देते त्या दिवसांत, या खडकांवर जाऊच नका. त्या दिवसांतल्या लाटा खडकावरचं शेवाळ उपटून नेतात आणि माणसालाही त्याच लाटा नेतात. पाण्यात उतरायला किंवा गरवायला मनाईचा फलक असेल तिथे दुसरी जागा शोधा.

कातळ रिकामा नसतो. ओहोटीच्या डबक्यांत प्रवाळ, समुद्रफुलं, गोगलगायी असतात. किनारी रस्त्याच्या कामात 2020 साली वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं काढून कुलाब्याच्या बाजूला लावावी लागली, एवढा जीव या काळ्या दगडांत आहे. फोटो काढायला फिराल तेव्हा उघड्या दगडावरून चाला, डबक्यांतून नको. कोणाची जाळी लावलेली असेल तर तिच्यावरून कास्ट मारू नका. मावशी कालवं काढत असतील तर त्यांच्या मागून जा, डोक्यावरून ल्यूर नेऊ नका. दिवसाचं पोट त्यांचं तिथे आहे. तुटलेली ब्रेड खिशात घाला, ती वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात गुंतते.

वांद्र्याच्या बाजूला मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीतून येतं. तिथला मासा मी खात नाही, सोडतो. म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून ठेवतो.

आणि तो फरक, जो वर राखून ठेवला होता. सुट्टीत अंदमान, लक्षद्वीप किंवा रामेश्वरमकडे रॉड घेऊन निघालात तर आधी तिथल्या परवानगीचे नियम विचारा आणि तिथलं खरं सागरी गवत पायदळी तुडवू नका. आपलं उल्व्हा एका हंगामात परत येतं. सागरी गवताची मुळं उखडली की तो चट्टा भरायला फार वेळ लागतो. लक्षद्वीपला हिरवी कासवं तेच गवत चरतात. पाल्कच्या उपसागरात समुद्रगायीचं ते अन्न आहे आणि तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये तिथलं 448 चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यासाठी राखून ठेवलंय. अशा जागी काठावरून किंवा स्थानिक माणसाच्या होडीतून कास्ट मारा, होडीचा नांगर वाळूत टाकायला सांगा आणि ट्रेबल हुक घरीच ठेवा. तिथे ल्यूरला मुळासकट फीत आली तर दोन पावलं मागे होऊन पाणी चढायची वाट बघा.

हे सगळं तपासूनही शेवाळ येत असेल तर मला चार गोष्टी कळवा: झुपक्याचा जवळून फोटो, कास्ट मारल्याची वेळ आणि तिथी, तुमच्या कातळाची उंची आणि ल्यूर कसा बांधलाय त्याचा बाजूने काढलेला फोटो. कातळाची उंची अजून काढली नसेल तर येत्या ओहोटीला ती काढून मग लिहा.